महाराजाचा खर्च कोणाच्या खाती?

८ ऑक्टोबर २०२१ रोजी केंद्र सरकारने ‘महाराजा’ हे बोधचिन्ह मिरवणारी एअर इंडिया टाटा समूहाला विकल्याचे जाहीर केले, तेव्हा मथळ्यांत अठरा हजार कोटींचा आकडा झळकला. त्यातले सरकारच्या हाती पडणारे रोख पैसे होते फक्त २,७०० कोटी. उरलेले १५,३०० कोटी म्हणजे टाटांनी स्वतःच्या अंगावर घेतलेले कर्ज. कंपनीच्या डोक्यावर त्या वेळी एकूण ६१,५६२ कोटींचे कर्ज होते. म्हणजे ४६,२६२ कोटी मागे राहिले आणि ते ‘एअर इंडिया ॲसेट्स होल्डिंग’ नावाच्या सरकारी कंपनीच्या वहीत जाऊन बसले.

त्याआधीच्या बारा वर्षांत सरकारने एअर इंडियात ५४,५८४ कोटी रोख ओतले होते आणि आणखी ५५,६९२ कोटींच्या कर्जांना हमी दिली होती. वर्तमानपत्रांनी दोन्हींची बेरीज करून एक लाख दहा हजार कोटी छापले. ती बेरीज तशी सदोष आहे, कारण हमी म्हणजे खर्च नव्हे. कर्जदाराने हात वर केले तरच ती खर्च होते. पण हिशेब नीट मांडला तरी चित्र फारसे बदलत नाही. रोख दिलेले ५४,५८४ कोटी आणि गळ्यात उरलेले ४६,२६२ कोटी मिळून लाख कोटींच्या थोडे वर जातात. मागे राहिलेल्या जमिनी-इमारती विकून त्यातले काही परत येईल, तो भाग वेगळा. तूर्त देशातल्या दर माणसामागे साधारण सातशे रुपये पडतात. ज्याने विमान फक्त शेतात उभे राहून डोक्यावरून जाताना पाहिले, त्याच्याही वाट्याला.

सरकारी विमान कंपनीच्या तिकिटाला असे दोन दर असतात. एक प्रवासी भरतो, दुसरा करदात्याकडून न विचारता घेतला जातो. मग दोन्ही दर भरूनही खुर्ची मागे का झुकत नव्हती, समोरचा पडदा काळा का असायचा आणि ‘ऑपरेशनल कारणास्तव’ होणारा उशीर संपत का नव्हता? ‘सरकारी ना, मग असंच असणार’ हे उत्तर आपल्या जिभेवर तयार असते. अडचण अशी की, एअर इंडियाचाच इतिहास ते खोडून काढतो.

१९३२ साली कराचीहून टपालाची पोती घेऊन जुहूला उतरलेल्या जे. आर. डी. टाटांच्या विमानापासून ही गोष्ट सुरू होते, हे सर्वांना ठाऊक आहे. १९५३ मध्ये देशातल्या विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले, ते जेआरडींच्या विरोधाला न जुमानता. मात्र नव्या सरकारी एअर इंडियाचे अध्यक्षपद त्यांच्याकडेच राहिले, ते थेट १९७८ च्या फेब्रुवारीपर्यंत. ज्या एअर इंडियाच्या आठवणीने आजही जुनी मंडळी उसासे टाकतात, ती याच पंचवीस वर्षांतली, म्हणजे पूर्णपणे सरकारी. १९६० मध्ये तिने बोइंग ७०७ आणले आणि १९६२ पर्यंत ताफ्यात केवळ जेट विमाने ठेवली; असे करणाऱ्या जगातल्या पहिल्यावहिल्या कंपन्यांत तिची गणना होते. १९६७ मध्ये पहिल्या वर्गाच्या प्रवाशांना भेट द्यायच्या ॲश-ट्रेचे डिझाइन तिने साल्वादोर दालीकडून करून घेतले आणि मोबदल्यात त्याला हत्तीचे पिल्लू पाठवून दिले. आजच्या लेखापरीक्षकाने या व्यवहारावर काय शेरा मारला असता, याची कल्पना केली की मला हसू येते. पण त्या काळात कंपनी नफा कमवत होती, त्यामुळे कोणी विचारले नाही.

१९५३ च्या त्याच राष्ट्रीयीकरणाच्या कायद्याने, त्याच मालकाने दुसरी कंपनी काढली होती. देशांतर्गत वाहतूक करणाऱ्या आठ खासगी कंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्स उभी राहिली. दोन भावंडांची ही जोडी अभ्यासकाला एखाद्या प्रयोगासारखी उपयोगी पडते. लंडनला जाणाऱ्या प्रवाशासमोर एअर इंडियाबरोबर ब्रिटिश कंपनी होती, अमेरिकन पॅन ॲम होती. ती स्पर्धा पूर्ण मोकळी नव्हती, दोन देशांच्या करारांनी बांधलेली होती. तरी चहा बेचव लागला तर माणूस पुढच्या वेळी दुसऱ्याच्या विमानात बसू शकत होता. मुंबईहून नागपूरला जाणाऱ्याला मात्र इंडियन एअरलाइन्सशिवाय पर्यायच नव्हता, कारण नियमित सेवा इतर कोणी चालवणे कायद्याने निषिद्ध होते. ही बंदी १९९४ मध्ये उठली. मधल्या चाळीस वर्षांत मालक तोच असूनही एका भावंडाचे नाव जगभर आदराने घेतले गेले आणि दुसऱ्याची ओळख झाली ती प्रतीक्षायादी, रद्द उड्डाणे आणि खिडकीआडचा तुसडेपणा अशी. फरक पडला तो प्रवाशाला पाठ फिरवता येते की नाही, या एका गोष्टीने.

दुसरा फरक अंतराचा होता. एअर इंडियाचा कारभार मुंबईतून चालायचा, मंत्रालय दिल्लीत होते आणि मध्ये जेआरडींसारखा माणूस उभा होता. विमानात बसले की ते वही काढून कॉफीचा रंग, पडद्यांची अवस्था, काउंटरवरची धूळ टिपून ठेवत आणि उतरल्यावर संबंधितांना लांबलचक टिपण धाडत, हे त्यांच्याबरोबर काम केलेल्या अनेकांनी सांगितले आहे. मोरारजी देसाईंच्या सरकारने त्यांना दूर केले. पुढे हळूहळू पद्धत अशी पडली की, सनदी अधिकारी दोन-तीन वर्षांसाठी प्रमुख म्हणून यायचा, धंदा समजायला लागेपर्यंत त्याची बदली व्हायची. कंपनीचे निर्णय मंत्रालयाच्या टेबलावर सरकू लागले. १९९० च्या फेब्रुवारीत इंडियन एअरलाइन्सचे एअरबस ए-३२० बंगळूरला कोसळले, तेव्हा सरकारने नव्याकोऱ्या ए-३२० विमानांचा सगळा ताफाच कित्येक महिने जमिनीवर बसवून ठेवला. कर्जाचे हप्ते मात्र चालूच होते.

विमानधंद्याचे गणित समजल्याशिवाय अशा निर्णयांची किंमत कळत नाही. रिकामी खुर्ची ही नाशवंत वस्तू आहे. मंडईत संध्याकाळी उरलेली मेथीची जुडी निम्म्या भावात तरी जाते. विमानाचे दार बंद झाल्यावर रिकाम्या खुर्चीचे शून्य रुपये होतात. खर्च मात्र जवळपास तेवढाच राहतो. आपल्याकडे इंधनच एकूण खर्चाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर जाते, त्यात राज्यांचा व्हॅट असतो. मुंबई-पुण्यात तो २०२३ पर्यंत २५ टक्के होता, मग १८ वर आणला गेला. विमानाचे भाडे किंवा कर्जाचा हप्ता आणि पगार हे विमान उडो न उडो, द्यावेच लागतात. म्हणून कंपनी टिकते ती दोन गोष्टींवर: विमान दिवसाचे किती तास हवेत असते, आणि ताफ्यात किती प्रकारची विमाने आहेत. प्रकार जितके कमी, तितके वैमानिक, अभियंते आणि सुटे भाग अदलाबदलीला मोकळे.

२००५ साली इंडिगोने एकाच कुळातली शंभर एअरबस विमाने मागवली, तेव्हा तिचे एकही विमान उडत नव्हते. साधारण त्याच काळात दोन सरकारी कंपन्यांनी मिळून १११ विमानांची मागणी नोंदवली: एअर इंडियाने बोइंगची ६८, इंडियन एअरलाइन्सने एअरबसची ४३. संख्या जवळपास सारखी, पण जात वेगळी. एअर इंडियाचा मूळ विचार २८ विमानांचा होता, तो फुगत ६८ वर गेला, यावर ‘कॅग’ने २०११ च्या अहवालात बोट ठेवले. दीडशे कोटींच्या घरात भागभांडवल असलेल्या कंपनीने हजारो कोटींची ही खरेदी जवळजवळ सगळी कर्जावर केली. मी या प्रकरणातली कागदपत्रे जेवढी वाचली, त्यावरून माझे मत असे झाले आहे की, एअर इंडियाला कर्मचाऱ्यांनी आजारी पाडले नाही, या खरेदीने पाडले. व्याजच वर्षाला चार हजार कोटींच्या पुढे जाऊ लागले.

त्यात २००७ मध्ये विलीनीकरण आले. दोन्ही कंपन्यांच्या पगारश्रेणी वेगळ्या, बढतीचे नियम वेगळे, संघटना वेगळ्या. एकाच उड्डाणसंकेतावर यायला २०११ उजाडले. त्याच वर्षी जुन्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी समान वेतनासाठी दहा दिवस संप केला. २०१२ मध्ये जुन्या एअर इंडियाच्या वैमानिकांनी नव्या बोइंग ड्रीमलायनर विमानांचे प्रशिक्षण दुसऱ्या गटाला का, म्हणून ५८ दिवस काम बंद ठेवले. २०११-१२ चा तोटा ७,५५९ कोटींवर पोचला. सरकारने मग २०२१ पर्यंत टप्प्याटप्प्याने तीस हजार कोटींचे भांडवल देण्याची योजना मंजूर केली. मुख्यालय २०१३ मध्ये नरिमन पॉइंटवरून दिल्लीला गेले. तिथली तेवीस मजली इमारत आता महाराष्ट्र सरकारने १,६०१ कोटींना विकत घेतली आहे. म्हणजे केंद्राच्या खात्यातले जुने कर्ज फेडायला राज्याच्या खात्यातून पैसे गेले. दोन्ही खात्यांत भर घालणारा मराठी करदाता एकच.

पैशाचा तुटवडा आणि सेवेचा दर्जा यांचा धागा इथे जुळतो. सुट्या भागांना पैसे नाहीत म्हणून विमाने हँगरजवळ उभी राहतात. उभी विमाने वाढली की, उरलेल्यांवर ताण येतो. एक विमान सकाळी बिघडले की, दिवसभरातली पुढची चार उड्डाणे रखडतात. प्रवाशाला दिसतो तो चार तासांचा उशीर आणि काउंटरवरचा हतबल चेहरा. २२ ऑगस्ट २०१९ रोजी सरकारी तेल कंपन्यांनी थकबाकीपोटी सहा विमानतळांवर एअर इंडियाला इंधन देणे थांबवले. त्या सहांत पुणेही होते. सरकारच्याच कंपनीने सरकारच्याच कंपनीला उधारी नाकारली, असा तो प्रसंग. दुसरीकडे राष्ट्रपती, उपराष्ट्रपती आणि पंतप्रधानांच्या परदेश दौऱ्यांची बिले वेगवेगळ्या मंत्रालयांकडे अडकून पडत, आणि ती रक्कम शेकडो कोटींत जाई. काटकसर कुठे झाली? जुलै २०१७ पासून देशांतर्गत इकॉनॉमी वर्गातले मांसाहारी जेवण बंद झाले. बचत अपेक्षित होती वर्षाला दहा कोटींच्या आतबाहेर. व्याजाच्या एका दिवसाइतकी.

न्यायाने सांगायचे तर त्या पडत्या काळातही या कंपनीच्या पारड्यात काही होते. देशात इतर कंपन्या पंधरा किलो सामानावर अडून बसत, तेव्हा एअर इंडिया पंचवीस किलो नेऊ देई आणि गरम जेवण तिकिटातच मिळे. मुला-नातवंडांना भेटायला अमेरिकेला निघालेल्या आपल्याकडच्या कित्येक आजी-आजोबांनी मुंबई-नेवार्क थेट विमानच पसंत केले, कारण फ्रँकफुर्टला विमान बदलण्याची धास्ती नाही आणि हवाई सुंदरीशी हिंदीत बोलता येते. तुटक्या हातांच्या खुर्चीत पंधरा तास बसून ही मंडळी जात, तक्रार करत, आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्याच विमानाचे तिकीट काढत.

हंगेरीचे अर्थतज्ज्ञ यानोश कोर्नाई यांनी समाजवादी देशांतले कारखाने अभ्यासून एक निरीक्षण मांडले होते. तोटा झाला तर सरकार भरून देईल, हे ज्या संस्थेला पक्के ठाऊक असते, तिची खर्चाची मर्यादा सैल पडते. मग ग्राहकाला खूश ठेवण्यापेक्षा मंत्रालयाला खूश ठेवणे अधिक लाभाचे ठरते. एअर इंडियाला हे तंतोतंत लागू पडते. कोणाच्या मतदारसंघातून उड्डाण सुरू करायचे, कोणाला पुढच्या वर्गात बसवायचे, या फर्माइशी म्हणजे हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवण्याचा प्रकार. मार्च २०१७ मध्ये उस्मानाबादचे तत्कालीन खासदार पुण्याहून दिल्लीला गेले त्या विमानात बिझनेस वर्ग नव्हताच. दिल्लीत त्यांनी एका कर्मचाऱ्याला चपलेने मारले आणि तसे कॅमेऱ्यासमोर सांगितलेही. कोणत्या मार्गावर कोणते विमान, हे ठरवण्यात त्या कर्मचाऱ्याचा काडीचा वाटा नव्हता. विमान कंपन्यांनी त्या खासदारांवर घातलेली प्रवासबंदी दोन आठवड्यांत उठली.

सरकारी विमान कंपनीच्या बाजूने सांगितला जाणारा सर्वांत वजनदार मुद्दा संकटकाळाचा. १९९० मध्ये इराकने कुवेत गिळले तेव्हा एअर इंडियाने ४८८ उड्डाणांतून लाखाहून अधिक भारतीयांना अम्मानहून घरी आणले. त्याला जगात तोड नाही. पण २०२२ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये युक्रेनमधून विद्यार्थी आणायचे होते, तेव्हा एअर इंडिया टाटांकडे जाऊन महिनाच झाला होता. ती गेली, इंडिगो गेली, स्पाइसजेट गेली, हवाई दलही गेले. भाडे देऊन कोणाचीही विमाने नेता येतात, हे त्यातून दिसले.

मालकी सरकारी असणे हाच दोष मानला, तर बाकीच्या जगाचे काय करायचे? सिंगापूर एअरलाइन्सचे बहुसंख्य भाग तिथल्या सरकारच्या गुंतवणूक कंपनीकडे आहेत. एमिरेट्स दुबई सरकारची. १९८५ मध्ये ती एक कोटी डॉलरच्या भांडवलावर आणि पाकिस्तान इंटरनॅशनलकडून भाड्याने घेतलेल्या दोन विमानांवर सुरू झाली. आफ्रिकेतली सर्वांत मोठी इथिओपियन एअरलाइन्स शंभर टक्के सरकारी आहे. यांतल्या सिंगापूर आणि दुबईला देशांतर्गत मार्गच नाहीत, त्यामुळे राखीव कुरण नाही. पहिल्या दिवसापासून परक्यांशी झुंज. उलट इटलीची अलितालिया दशकानुदशके सरकारी मदतीवर जगली आणि एअर इंडियाच्या विक्रीची घोषणा झाल्यावर आठवड्याच्या आत, १४ ऑक्टोबर २०२१ रोजी, तिचे शेवटचे उड्डाण झाले. एमिरेट्सला विमाने देणारी पाकिस्तान इंटरनॅशनल तोट्यात बुडून विक्रीला निघाली. आपण तर आणखी एक गंमत केली. स्वतःची कंपनी कर्जात रुतलेली असताना भारत-दुबई मार्गावरच्या जागा वाढवत नेल्या, २०१४ मध्ये आठवड्याला ६५,२०० पर्यंत. युरोप-अमेरिकेला जाणारा आपला प्रवासी दुबईमार्गे जाऊ लागला. प्रवाशाचे भले झाले, हेही खरेच.

विक्रीनंतर सगळे सुधारले, असे म्हणायला जीभ रेटत नाही. नव्या खुर्च्या, नवे अंतरंग यांना वर्षे लागतात. जुन्या विमानांबद्दलच्या तक्रारी टाटांच्या काळातही चालू राहिल्या. जून २०२५ मधल्या अहमदाबादच्या भीषण अपघाताने तर सगळ्याच चर्चेवर सावली पडली. शिवाय देशातले दहापैकी नऊ प्रवासी आता इंडिगो आणि एअर इंडिया या दोनच गटांकडे आहेत. डिसेंबर २०२५ मध्ये वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू होताना इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली, इतरांची भाडी आभाळाला भिडली आणि सरकारला कमाल भाडे ठरवून द्यावे लागले. पाठ फिरवायला दुसरी जागा नसली की, खासगी कंपनीही सरकारीसारखीच वागते.

सरकारी विमान कंपनी देशातून गेली, असा समज आहे. तोही पुरता बरोबर नाही. अलायन्स एअर या छोट्या कंपनीची विक्री झालेली नाही. कोकणाला तिचा अनुभव आहे. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी चिपीचा सिंधुदुर्ग विमानतळ सुरू झाला तो तिच्याच मुंबई-सिंधुदुर्ग सेवेने, ‘उडान’ योजनेखाली, अडीच हजारांच्या आसपासच्या सवलतीच्या भाड्यात. उद्घाटनाला व्यासपीठ कमी पडले. पुढे मात्र उड्डाण रद्द होणे ही नित्याची गोष्ट झाली आणि योजनेची तीन वर्षांची मुदत सरताच ही सेवा बंद पडली.

तरीही ‘उडान’ची पद्धत एअर इंडियाच्या जुन्या पद्धतीपेक्षा मला बरी वाटते. तोट्याचा मार्ग चालवणाऱ्या कंपनीला तूट भरून द्यायची, ती निविदा काढून, ठरावीक वर्षांपुरती. पैसा कुठून येतो तेही उघड आहे: मोठ्या मार्गांवरच्या उड्डाणांवर लावलेला आकार आणि राज्याचा २० टक्के वाटा. गडचिरोलीला, रत्नागिरीला विमान हवे की नको, हा राजकीय निर्णय आहे आणि तो हवे असाही असू शकतो. फक्त त्याची किंमत कुठल्या तरी कंपनीच्या ताळेबंदात पुरून ठेवली की, वीस वर्षांनी ती व्याजासकट वर येते.

तेव्हा तुमच्या जिल्ह्यात विमानसेवेचे आश्वासन घेऊन कोणी आला, तर टाळ्या वाजवण्याआधी तीन प्रश्न विचारा. एका खुर्चीमागे सरकार किती भरणार, किती वर्षे भरणार, आणि उड्डाण रद्द झाले तर दंड कोणाच्या खिशातून जाणार? उत्तरे आकड्यांत मागा आणि लिहून घ्या.